सीलबंद सुट्टी

यॉट चार दिवसांत धक्क्यापासून वीतभरसुद्धा हलली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी कुणी तोंड वाकडं करायला नको. आणि आता हे तुमच्या कानावर आलंच नाही असं धरून चालू. यॉट भाड्यानं घेतलेली आहे, पांढरीस्वच्छ आहे, हवा छान आहे आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता एक कुटुंब तिच्यातून समुद्रावर जाणार आहे. जाणारच. न जायला झालंय काय?

कुटुंबाचे प्रमुख म्हणजे वडील, वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. सदतीस वर्षं त्यांनी शहरातले तराजू, लिटरची मापं आणि पेट्रोलपंपाचे काटे तपासले. माप बरोबर निघालं की त्यावर शिशाचं एक सील मारायचं, चूक निघालं की दुसरं. पहिल्या सीलचा अर्थ 'खुशाल वापरा', दुसऱ्याचा 'हात तर लावून बघा'. बाजारात त्यांना ग्रॅमसाहेब म्हणत, अर्थात ते पुढच्या दुकानात गेल्यावर. आई शिवणाचे वर्ग चालवायची आणि कापड नजरेनं मापायची. लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी हा वाद मिटला नव्हता. थोरली मुलगी, म्हणजे ताई, दातांची डॉक्टर. आणि धाकटा, वय एकतीस, वडिलांच्याच खात्यात, वडिलांच्याच हद्दीत निरीक्षक.

म्हणजे बुधवार संध्याकाळपर्यंत होता. महिन्यापूर्वी त्यानं राजीनामा दिला, बुधवारी त्याला सेवेतून मोकळं केलं, त्यानं सील मारायची पक्कड खात्यात जमा केली, पावती खिशात घातली आणि गुरुवारी सकाळी बॅग भरून सुट्टीवर निघाला. हे फक्त ताईला माहीत होतं. वडिलांना सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि त्या एवढ्याशा राहिलेल्या कामासाठी बारा मीटर लांबीची यॉट घ्यावी लागली होती.

कारण वडिलांची एक सवय. घरात बोलणं जरा गंभीर वळणावर गेलं की ते "आलोच" म्हणून उठत आणि बाहेर पडत. ताईनं आपलं लग्न ठरवलंय हे सांगायला तोंड उघडलं, तेव्हा ते "आलोच" म्हणून काड्यापेटी आणायला गेले. परत आले तोवर तारीख ठरली होती, सभागृह ठरलं होतं, पाहुण्यांची यादी झाली होती, फक्त काड्यापेटी आणायची राहिली होती. आईचं ऑपरेशन, धाकट्याचं एका वर्षी नापास होणं, सगळं त्यांच्या माघारी पार पडलं. बरं, माणूस भित्रा म्हणावा तर तेही नाही. दीडशे चिडलेल्या दुकानदारांसमोर हातात फूटपट्टी घेऊन एकटा उभा राहिलेला माणूस. पण घरातल्या कुणाचंही वाक्य "बाबा, मला तुमच्याशी" असं सुरू झालं की वाक्य संपायच्या आत त्यांच्या पायात चपला असायच्या.

धाकट्यानं आधी स्वस्तातले उपाय करून पाहिले. पहिला प्रयत्न लिफ्टमध्ये. चौथ्या मजल्यावर दार बंद झालं, त्यानं "बाबा, मला" एवढं म्हटलं आणि तिसऱ्यावर शेजारीण कुत्रं घेऊन आत आली. आगगाडीचा विचार केला, पण तिला मध्ये स्टेशनं असतात. विमानात शौचालय असतं, वडील आतून कडी लावून उतरेपर्यंत तिथंच बसले असते. मग एके दिवशी ताईनं फोनवर एक जाहिरात दाखवली. निळ्या पाण्यात पांढरी यॉट, आणि वर ठळक अक्षरांत: 'चारी बाजूंनी फक्त पाणी!' जाहिरातवाल्यांना त्यातून निवांतपणा सुचवायचा असावा. धाकट्याला दार नसलेली खोली दिसली.

"इथून कुठं आलोच म्हणतील?" ताई म्हणाली.

"पोहता येतं त्यांना."

"चपला घालून नाही येत."

मुद्दा बिनतोड होता. यॉट ठरली.

गुरुवारी दुपारी चौघं धक्क्यावर पोचले. लाकडी फळ्यांचा लांबलचक तरंगता धक्का, दोन्ही अंगांना बोटी बांधलेल्या, आणि पावला-पावलाला फळ्या खालीवर. यॉटबरोबर एक कप्तानबाई येत होती. चाळिशीची, उन्हानं रापलेली, बोलताना हातातला दोर गुंडाळत राहणारी. तिनं सगळ्यांना आत घेतलं, झोपायच्या जागा दाखवल्या, स्वयंपाकाचा कट्टा दाखवला आणि नऊ पानांची एक यादी वडिलांच्या हातात दिली.

"एकशे चौदा वस्तू आहेत, काका. शेवटच्या पानावर सही करा. 'सर्व तपासून ताब्यात घेतलं' म्हणून. अर्ध्या मिनिटाचं काम. सगळे डोळे झाकून करतात."

"डोळे झाकून," वडील म्हणाले.

त्यांनी ते इतक्या हळू आवाजात म्हटलं, की आईनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि पाय पसरून बसली. आजचा दिवस गेला, हे तिला कळलं होतं.

वडिलांनी सदतीस वर्षांत न तपासता एकाही कागदावर सही केली नव्हती, लग्नाच्या नोंदणीवरसुद्धा नाही. तिथल्या कारकुनाला त्यांनी वहीची पानं मोजून दाखवायला लावली होती. आता त्यांनी चष्मा पुसला, खिशातून टेप काढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. काटे सहा, चमचे सहा, सुऱ्या पाच. "यादीत सहा आहेत." कप्तानबाईनं आपल्या कमरेची सुरी काढून दिली. वीस मीटरचा दोर एकोणीस मीटर बासष्ट भरला. "भिजून आक्रसतो, काका." "मग यादीत लिहा, 'आक्रसलेला'." लाइफ जॅकेटच्या आठही शिट्ट्या त्यांनी एकेक करून पूर्ण दमानं वाजवल्या. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या बोटीवरचं जोडपं केबिनमधून धावत वर आलं, पाचव्या शिट्टीला त्यांनी जॅकेटं चढवली आणि आठव्या शिट्टीला नवरा एक पाय पाण्यावर धरून उभा होता.

तिकडे धाकट्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याला बसवेना. यॉटच्या टोकापासून शेपटीपर्यंत अकरा पावलं होती. तो अकरा पावलं जायचा, वळायचा, अकरा पावलं यायचा. भाषण तोंडपाठ होतं, बारा मुद्द्यांचं, पण दर फेरीला एक मुद्दा पुढचा मागे आणि मागचा पुढे जायचा. एकदा त्यानं मनाचा हिय्या करून वडिलांजवळ वाकून पाहिलंसुद्धा.

"बाबा, मला तुमच्याशी"

"थांब. बादल्या मोजतोय."

बादली एकच होती. धाकटा पुन्हा फेऱ्यांना लागला. सध्या बोलण्यात अर्थच नव्हता म्हणा, यॉट धक्क्याला बांधलेली, मध्ये चांगली रुंद फळी टाकलेली. या फळीवरून वडील दोन ढांगांत पसार झाले असते. उद्या दहाला फळी आत ओढली जाईल. मग किनारा मागे पडेल. मग बघू.

ताई वरच्या बाकावर मासिक वाचत होती. ती दर दहा मिनिटांनी मासिकावरून एक भुवई वर करायची. म्हणजे 'सांगितलंस?' तो मान हलवायचा. ती भुवई खाली घ्यायची.

"अरे, कसल्या फेऱ्या मारतोयस?" आई म्हणाली. "झिजेल ती बोट. परत करायचीय."

"पाय मोकळे करतोय."

"महिनाभर मोकळेच करतोयस. घरातला गालिचा बघ जाऊन."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला एकशे तेरा वस्तू तपासून झाल्या होत्या. कप्तानबाईनं इंजिन चालू करून बघितलं, बंद केलं, दोर सैल करायला घेतले. धाकटा फळीजवळ उभा होता. फळी आत घ्यायचं काम त्यानं स्वतःहून मागून घेतलं होतं, आणि तळहाताला इतका घाम फुटला होता की फळी पकडली की सटकत होती.

राहिली होती एकशे चौदावी वस्तू, इंधन दाखवणारा काटा. काटा 'पूर्ण भरलेली' दाखवत होता. वडिलांनी टाकीचं झाकण उघडलं, टेपला एक धुतलेली काठी बांधली, आत सोडली, वर काढली, ओल कुठपर्यंत आलीय ते पाहिलं. पाऊण टाकी. पुन्हा सोडली. पाऊण. काट्याकडे पाहिलं. काटा निर्लज्जपणे पूर्ण.

पुढचं जे घडलं ते वडिलांनी केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते त्यांच्या हातानं केलं. सदतीस वर्षं तो हात डोक्याच्या आधी पोचत आला होता. तो कोटाच्या आतल्या खिशात गेला, सील मारायची पक्कड, तारेचा तुकडा आणि शिशाचा मणी घेऊन बाहेर आला, इंधनाचा व्हॉल्व बंद झाला, तार त्याच्या दांड्यातून ओवली गेली, मणी दाबला गेला. टक.

सगळ्यांनी वळून पाहिलं. स्वतः वडिलांनीही पाहिलं.

"ही पक्कड तुमच्याकडे अजून कशी?" धाकट्याच्या तोंडून आधी हेच निघालं. माणूस खात्यातून निघाला तरी खातं लगेच माणसातून निघत नाही.

"जमा करायला गेलो होतो," वडील म्हणाले. "जमा करून घेणारं पद त्याच आठवड्यात रद्द झालं होतं. पुढे पद परत आलं, पण जुन्या पकडी घ्यायच्या नाहीत या अटीवर."

"काका, हे काय केलंत?" कप्तानबाई खाली वाकून व्हॉल्व बघत होती.

"सील."

"काढा ते."

"काढता येत नाही. सील तोडणं गुन्हा आहे."

"मारलं कुणी?"

"मी."

"मग तुम्हीच काढा ना!"

"मी कसं काढणार? मी निवृत्त आहे."

"निवृत्त आहात तर मारलंत कसं?"

"सवयीनं."

कप्तानबाईनं कमरेला हात घातला. सुरी तिथं नव्हती, ती यादीतल्या सहाव्या सुरीच्या जागी ड्रॉवरमध्ये गेली होती. ती ड्रॉवरकडे निघाली तसे वडील व्हॉल्वसमोर आडवे आले आणि दीडशे दुकानदारांपुढचा जुना आवाज लागला. त्या आवाजानं धक्क्यावरचा बंदर अधिकारी पळत आला. गोल चेहऱ्याचा माणूस, हातात पॅड, पॅडला दोरीनं बांधलेलं पेन. त्यानं गुडघे टेकून सील पाहिलं. वरचा नंबर वाचला.

"सील अस्सल आहे," तो म्हणाला.

"अहो, पण मारणारा निवृत्त आहे," ताई म्हणाली. "म्हणजे ते सील नाहीच. नुसता शिशाचा मणी आहे."

"मॅडम, कुणी मारलं हा खात्याचा विषय. सील आहे का, हा माझा विषय. आहे. सील असलेलं इंजिन घेऊन बोट बंदराबाहेर जाऊ शकत नाही."

"शिडावर जाऊ," कप्तानबाई म्हणाली.

"बंदरात शीड उघडायला बंदी आहे. तुम्हीच गेल्या वर्षी तसं निवेदन दिलं होतंत."

कप्तानबाईनं सैल केलेला दोर पुन्हा आवळला. दिलं होतं.

"मग यातून वाट काय?" आईनं विचारलं. ती एवढा वेळ शांतपणे केस विंचरत होती.

"सोपंय, काकू. सेवेतल्या कुठल्याही निरीक्षकानं इथं येऊन सील तोडायचं आणि या कागदावर नाव, नंबर, सही. पाच मिनिटांचं काम. फक्त निरीक्षक कुठून आणायचा, हा प्रश्न आहे."

वडिलांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. याआधी तो हात तिथं कधी पडल्याचं धाकट्याला आठवत नव्हतं.

"आणायचा कशाला? हा काय, उभा आहे की! माझा मुलगा. माझीच हद्द सांभाळतो. साहेब, तुम्हाला सांगतो, सहा वर्षांत याच्या एका सीलची तक्रार नाही. तोड रे. नियमानं तोड, सगळ्यांना बघू दे."

ताईनं मासिक तोंडावर घेतलं. दोन्ही भुवया मासिकाच्या वर दिसत होत्या.

बंदर अधिकाऱ्यानं पॅड पुढे केलं. दोरीला बांधलेलं पेन धाकट्यासमोर लोंबकळायला लागलं. नंबर त्याला पाठ होता, झोपेतून उठवलं तरी सांगितला असता. लिहिला असता तर कुणाला पत्ता लागणार होता? सील तुटलं असतं, फळी आत आली असती, तासाभरात चारी बाजूंनी पाणी आणि वडील समोर, चपला काढून. सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त एका ओळीत एक खोटा नंबर. त्यानं पेन हातात घेतलं. खांद्यावरचा हात अजून तिथंच होता, आणि त्या हाताचं वजन किती, हे तो न मोजता सांगू शकला असता.

"बाबा," तो म्हणाला, "मी निरीक्षक नाही. बुधवारपासून. राजीनामा दिलाय."

सोडलेलं पेन दोरीवर झुलत राहिलं. शेजारच्या बोटीवरचं जोडपं, अजून जॅकेटातच, कठड्याला टेकून ऐकत होतं.

"आलोच," वडील म्हणाले.

चपला, फळी, धक्का. अडवायला कुणाला वेळच मिळाला नाही. फक्त एक गोष्ट झाली. गडबडीत ते फळीवरून उतरून डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळले. डावीकडे किनारा होता, रस्ता होता, काड्यापेट्यांची दुकानं होती. उजवीकडे दीडशे मीटर धक्का होता आणि त्यानंतर समुद्र. ते ताठ मानेनं, झपाझप, पार टोकापर्यंत गेले, आणि थांबले. थांबावंच लागलं. मागे वळून यायचं तर सगळ्या बोटींसमोरून, आणि मुलासमोरून.

धाकटा त्यांच्यामागे गेला. महिनाभर जी जागा शोधत होता ती त्याला आयती मिळाली होती. अकराव्या पावलाला या वेळी तो वळला नाही.

"केव्हा दिलास?" वडिलांनी पाण्याकडे बघत विचारलं.

"महिना झाला."

"महिनाभर तर रोज कामावर जात होतास."

"नोटिशीचा महिना होता."

"रीतसर दिलास?"

"तीन प्रतींत."

"हं." तीन प्रतींमुळे त्यांचा एक खांदा किंचित खाली आला. "आणि आता पुढं?"

"पियानो दुरुस्त करायच्या कारखान्यात. तिथल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, वर्षभर हाताखाली राहा, मग बघू. सूर लावायचं काम आहे."

"सूर कशानं मोजतात?"

"कानानं."

"कानानं." वडील गर्रकन वळले. "कानाची दरसाल पडताळणी कोण करतं? सील कुठं मारतात त्याला? पाळीला?"

"नाही मारत."

"चुकला तर?"

"वाईट वाजतं. ऐकणाऱ्याला कळतंच."

"आणि खात्यात काय खुपलं तुला?"

इथं बारा मुद्दे यायचे होते. धाकट्यानं आत हात घालून चाचपलं, एकही हाताला लागेना.

"मी दुकानात शिरलो की लोक बोलायचे थांबतात, बाबा. हसत असतील तर हसायचे थांबतात. सहा वर्षं झाली. बाहेर पडलो की परत सुरू होतात, ते मला रस्त्यावर ऐकू येतं."

एक लाट धक्क्याखालून गेली. दोघं वर आले, खाली गेले.

"मला सदतीस वर्षं ऐकू यायचं," वडील म्हणाले. "म्हणून मी लगेच पुढच्या दुकानात जायचो."

अर्ध्या तासानं दोघं परत आले, वडील पुढे, धाकटा चार पावलं मागे. आईनं भात वाढला.

"तुला माहीत होतं?" धाकट्यानं तिला हळूच विचारलं.

"महिनाभर आंघोळीला गेलास की गुणगुणतोस. खात्यातला माणूस गुणगुणतो का कधी?"

शनिवारी वारा सुटला. यॉट दोरांना हिसके देत होती, कठडे कुरकुरत होते, सगळ्यांचा जीव उगाचच वरखाली. कप्तानबाई व्हॉल्वसमोर बसून सीलकडे टक लावून पाहत होती, आपण बघत राहिलो तर ते शरमेनं गळून पडेल अशा आशेनं. वडील दिवसभर एकाच बाकावर बसून होते. "आलोच" म्हणाले नव्हते, आणि हे इतकं विपरीत होतं की धाकट्याला त्यांच्या नाडीची काळजी वाटायला लागली. तो पुन्हा अकरा पावलं, वळण, अकरा पावलं.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा वाऱ्यानं गुंजत होत्या. अखेर त्याला राहवेना.

"ती डावीकडची मागची तार ढिली आहे," तो कप्तानबाईवर जवळजवळ खेकसला. "सकाळपासून डोकं उठलंय."

"गेल्याच महिन्यात सगळ्या ताणून घेतल्यात."

"असतील. ती ढिली आहे."

"ताण मोजायचं यंत्र आहे का?" हा प्रश्न बाकावरून आला.

यंत्र होतं. यादीत सत्त्याहत्तराव्या क्रमांकावर होतं. वडील उठले. त्यांनी आईचा रुमाल घेऊन धाकट्याचे डोळे बांधले, त्याला मधोमध उभं केलं, कप्तानबाईच्या हातात यंत्र दिलं आणि ताईला लिहायला बसवलं. आठ तारा होत्या. वडील एका तारेवर बोटानं टिचकी मारायचे, धाकटा सांगायचा, ताई लिहायची, कप्तानबाई मोजायची.

"पहिलीपेक्षा थोडी ताठ."

"ताठ आहे," कप्तानबाई म्हणाली.

"ही पहिलीसारखीच."

"तशीच."

"ही ढिली. मी म्हणत होतो ती."

यंत्रावरचा आकडा बघून कप्तानबाईनं ते पुन्हा एकदा लावून पाहिलं. "बरीच ढिली आहे," मग ती म्हणाली. "भर समुद्रात सुटली असती."

वडिलांनी पुढची टिचकी मारायला वेळ घेतला. ते पायातल्या चपला काढून, आवाज न करता, डोलकाठीला वळसा घालून गेले आणि मघाच्याच दुसऱ्या तारेला पुन्हा टिचकी मारली. दुकानदारांना पकडायची ही त्यांची जुनी युक्ती होती, तेच वजन दोनदा ठेवायचं.

"ही मघाचीच आहे, बाबा," धाकटा म्हणाला. "दुसरी."

वडिलांनी रुमाल सोडला. मुलाच्या कानाकडे, एखाद्या नव्या बनावटीच्या काट्याकडे पाहावं तसं, डावीकडून आणि उजवीकडून पाहिलं.

"नजरेनं मापता येतं, हे मी अडतीस वर्षं सांगतेय," आई म्हणाली. "पण माझ्याकडे यंत्र घेऊन बसायला बाई नव्हती."

रविवारी सकाळी वडिलांनी बंदर अधिकाऱ्याकडून कोरे कागद मागून आणले आणि जेवायच्या टेबलावर लिहायला बसले. दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते पुढे सरकवलं, ताईनं वाचलं, आईनं वाचलं, मग धाकट्याकडे आलं. तो उभ्या उभ्याच वाचायला लागला आणि अर्ध्यावर खाली बसला. गुरुवारपासून पहिल्यांदाच.

"साहेब, हे खात्यात कुणीच मंजूर करणार नाही," बंदर अधिकारी म्हणाला. त्यानं मात्र कागद नीट घडी करून पॅडला लावला.

"ते मला माहीत आहे," वडील म्हणाले. "तुम्ही पोच द्या."

अर्ज असा होता:

प्रति, मा. नियंत्रक, वजनमाप खाते. विषय: राजीनामा चार तासांपुरता स्थगित करून पुन्हा लागू करण्याबाबत.

महोदय, वरील विषयी सविनय कळवितो की, अर्जदाराच्या हातून एका यॉटच्या इंधन व्हॉल्वला अनवधानाने सील मारले गेले आहे. सदर सील सेवेतील निरीक्षकानेच तोडावयाचे असून, जागेवर हजर असलेला एकमेव निरीक्षक, म्हणजे अर्जदाराचा मुलगा, दोन दिवस आधीच रीतसर, तीन प्रतींत, सेवामुक्त झालेला होता. सबब त्याचा राजीनामा गेल्या शुक्रवारी सकाळी दहा ते दुपारी दोन एवढ्या अवधीपुरता अमलात नव्हता असे समजण्यात यावे. त्या अवधीत त्याने सदर सील तोडले असे समजण्यात यावे. आणि दुपारी दोन वाजून एक मिनिटाने राजीनामा पूर्ववत लागू व्हावा. त्यानंतर तो कोणत्याही कारणास्तव, खुद्द अर्जदाराने तोंडी अगर लेखी मागणी केली तरीही, परत घेतला जाऊ नये. अर्जदार या राजीनाम्याला वडील या नात्याने संमती देत आहे, व ही संमती आजच्या तारखेपासून नव्हे, तर मुलाने राजीनामा दिला त्या दिवसापासून दिलेली होती, अशी नोंद कार्यालयाने मागील तारखेने करून घ्यावी, ही नम्र विनंती.